उरलेल्या जागांवरून मांडलेला हिशेब

शिंदळ माकुडी जगात फक्त महाराष्ट्रात उगवते, आणि महाराष्ट्रातही तिचे पत्ते बहुतेक किल्ल्यांचे आहेत. शिवनेरी, सज्जनगड, पुरंदर आणि त्याला लागूनचा वज्रगड. त्याखेरीज महाबळेश्वरचे कडे, रंधा धबधब्याचा परिसर आणि अशाच काही मोजक्या जागा. पाऊस पडला की तिच्या मांसल खोडांवर पाने फुटतात, पाऊस सरला की गळून जातात, आणि पुढचा सगळा उन्हाळा ती कातळाच्या कपारीत नुसत्या खोडावर काढते. फूल लहान, पाच कोनांचे, गर्द किरमिजी, त्यावर पिवळे डाग, माशीला भुलवणारे. निकोल डॅल्झेल या इंग्रजी अमदानीतल्या वनाधिकाऱ्याने १८६०च्या दशकात जुन्नरच्या बाजूला मिळालेल्या नमुन्यांवरून तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटले. आता काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला बूसेरोसिया या प्रजातीत घालतात. गव्हर्नरसाहेबांची प्रजाती त्यामुळे बुडाली, झाड मात्र तिथेच आहे.

ही वनस्पती वाचवायची कशी, या प्रश्नाचे अर्धे उत्तर पूर्वीच मिळालेले आहे. खोडाचा तुकडा मातीत खोचला की मूळ धरतो. कुंडीत ती सुखाने वाढते आणि फुलतेही. शिरवळजवळच्या शिंदेवाडीतले नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र तिच्यावर काम करत आले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती बागेत वाढवून दाखवल्या, त्याही याच कुळातल्या. म्हणजे रोपांची वानवा नाही. अडते ते उरलेल्या अर्ध्यात: ही रोपे लावायची कुठे? आणि आज जी जागा त्यांना मानवते ती आणखी पन्नास वर्षांनी मानवेल का? पुढची प्रकरणे या दुसऱ्या अर्ध्याविषयी आहेत.

असा प्रश्न संगणकाला विचारण्याची पद्धत तशी जुनी नाही. ऑस्ट्रेलियात हेन्री निक्स यांनी १९८०च्या दशकात बायोक्लिम नावाची रीत रूढ केली. एखादी जात जिथे जिथे सापडली तिथले तापमान आणि पाऊस टिपायचा, त्यांच्या खालच्या-वरच्या मर्यादा काढायच्या आणि त्या मर्यादांत बसणाऱ्या बाकीच्या जागा नकाशावर रंगवायच्या. आज सर्वांत जास्त वापरले जाते ते मॅक्सेंट. स्टीव्हन फिलिप्स, रॉबर्ट अँडरसन आणि रॉबर्ट शापायर यांनी २००६ साली ते मांडले. झाड सापडलेल्या जागा आणि आसपासचा एकूण प्रदेश यांच्या परिस्थितीत काय फरक आहे, हे ते शिकते आणि प्रत्येक चौकोनाला योग्यतेचा आकडा देते. ‘इथे झाड नाही’ अशा नोंदीवाचून त्याचे अडत नाही, हे त्याचे मोठे बळ. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जे कागद आहेत ते सगळे ‘सापडले’ असे सांगणारे आहेत. दिवसभर हिंडून काहीच सापडले नाही, असा कागद कोणी जपून ठेवत नाही.

दुर्मीळ जातींच्या बाबतीत नोंदीही मूठभरच असतात. त्यावरही काम झाले आहे. रिचर्ड पिअरसन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मादागास्करमधल्या, शोधायला अवघड अशा पालींवर प्रयोग केला आणि पाच नोंदींइतक्या तुटपुंज्या माहितीवरूनही उपयोगी अंदाज बांधता येतो, असे दाखवले. त्यांनी स्वतःच घातलेली अट मात्र पुढे बरेच जण विसरले: असा नकाशा म्हणजे त्या जातीच्या प्रदेशाची सीमा नव्हे, ज्ञात जागांसारखी परिस्थिती आणखी कुठे आहे एवढेच तो सांगतो. त्याच बेटावर २००३ साली क्रिस्टोफर रॅक्सवर्दी आणि सहकाऱ्यांनी सरड्यांसाठी असे नकाशे केले होते. मॉडेलने ‘इथे असायला हवा’ म्हटले आणि प्रत्यक्षात तो सरडा कधीच दिसला नव्हता, अशा जागी ते मुद्दाम गेले. तिथे विज्ञानाला अपरिचित अशा सात नव्या जाती हाती लागल्या. मॉडेल चुकले होते आणि त्या चुकीने घातलेली वाट कामाची निघाली. मला स्वतःला या तंत्राची सर्वांत मोठी बाजू हीच वाटते. पायपीट कुठे करायची, हे ते सांगते.

आपल्या देशात पुनर्लागवड डोळ्यांपुढे ठेवून झालेले एक काम इथे सांगायलाच हवे. मेघालयातल्या खासी टेकड्यांवर आयलेक्स खासियाना नावाचा अतिदुर्मीळ वृक्ष आहे. शिलाँगच्या नॉर्थ ईस्टर्न हिल विद्यापीठातल्या अधिकारी, बारिक आणि उपाध्याय यांनी २०१२ साली त्याच्या योग्य अधिवासाचे मॉडेल प्रसिद्ध केले. नकाशा काढून ते थांबले नाहीत. तो त्यांनी गूगल अर्थच्या उपग्रहचित्रांवर ठेवून पाहिला. मॉडेलने योग्य ठरवलेल्या जागी आज जंगल आहे, शेती आहे की वस्ती, हे तपासले. ऐकायला साधी वाटणारी ही पायरी गाळल्यामुळे कितीतरी नकाशे शोधनिबंधाच्या बाहेर कधी पडलेच नाहीत.

आता सह्याद्रीकडे. इथे हे तंत्र वापरताना पहिली ठेच चौकोनाच्या आकाराची लागते. जगभरातले बहुतेक जण हवामानासाठी वर्ल्डक्लिम ही माहिती वापरतात. तिचा सर्वांत बारीक चौकोन जवळजवळ एक किलोमीटरचा, आणि त्यात तापमान-पावसावरून काढलेले एकोणीस निर्देशांक. एक किलोमीटर म्हणजे बारीक, असे देशावरच्या सपाटीवर वाटेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणीत तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो, आणि घाट उतरून वाईत गेले की आणखी घटतो. इतक्या तीव्र उतारावर पर्जन्यमापक केंद्रे मोजकीच. मधल्या सगळ्या चौकोनांतले आकडे केंद्रांच्या आधाराने गणिताने भरलेले आहेत. शिवाय शिंदळ माकुडी काही एक किलोमीटरभर पसरून राहत नाही. तिचा मुक्काम ताटभर मातीच्या बेचक्यात. त्याच चौकोनात कड्याचा माथा असतो, उभी भिंत असते, खालचे रान असते आणि कदाचित एखादी वाडीही असते. चौकोनाला मात्र एकच तापमान आहे.

कडा कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हेही त्या आकड्यात नाही. आपल्या अक्षांशावर हिवाळाभर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणमुखी कातळ ऑक्टोबरपासून तापू लागतो. उत्तरमुखी भिंत तोच काळ सावलीत काढते. पाने गाळून कोरड्या महिन्यांतून तगणाऱ्या झाडाला हा फरक दोन-तीन अंशांच्या सरासरीहून मोठा असू शकतो. किल्ल्यांवर हिंडणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते. मॉडेलला ते सांगावे लागते, आणि त्यासाठी उंचसखलपणाची वेगळी, बारीक माहिती जोडावी लागते.

दुसरी अडचण नोंदींच्या पत्त्यांची. जुन्या कागदांवर ‘महाबळेश्वर’ किंवा ‘जुन्नरचे डोंगर’ एवढेच लिहिलेले असते, आणि त्यावरून अक्षांश-रेखांश ठरवणे हा अंदाजाचा मामला आहे. नव्या नोंदी मोबाइलमुळे अचूक असतात, पण तिथे वेगळाच पेच पडतो. निवडुंगासारख्या मांसल वनस्पतींचे हौशी संग्राहक जगभर आहेत. दुर्मीळ झाडाचा नेमका पत्ता जाहीर केला तर ते झाड उपटून नेले जाण्याची भीती असते. म्हणून आयनॅचरलिस्टसारखी व्यासपीठे संकटग्रस्त जातींची जागा मुद्दाम धूसर करतात. हे धूसरपण ०.२ अंशांच्या चौकोनाचे असते, म्हणजे साधारण एकवीस-बावीस किलोमीटरचे. महाबळेश्वरच्या कड्यावरची नोंद त्यामुळे वाईच्या बाजूच्या कोरड्या उतारावर जाऊन पडू शकते. झाडाच्या रक्षणासाठी केलेली ही तजवीक मॉडेलमध्ये गेली की त्या झाडाला सहा हजार मिलिमीटरही चालतो आणि सातशेही, असा निष्कर्ष निघतो. धूसर नोंदी वापरू नयेत, हे या कामातले पहिले पथ्य. ते पाळले जातेच असे नाही.

नोंदी कुठून आल्या, याला जोडून कोण कुठे गेले होते हाही प्रश्न आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ किल्ल्यांवर जातात, कारण तिथे वाट आहे, मुक्कामाला देऊळ आहे आणि पूर्वसूरींनी तिथेच गोळा केलेले आहे. ट्रेकर तर किल्ल्यांवरच जातात. ज्या कड्याला नाव नाही आणि ज्यावर तटबंदी नाही, तिथे कोण गेले? मॉडेलला हा पक्षपात कळत नाही. झाडाला किल्ला आवडतो, असे ते समजून चालते. यावर एक उपाय फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली सुचवला: तुलनेसाठी घ्यायचे बिंदू सगळ्या प्रदेशातून सरसकट न उचलता, त्याच लोकांनी त्याच गटातल्या इतर वनस्पती जिथे जिथे गोळा केल्या तिथले घ्यायचे. म्हणजे माणसांची पावले दोन्ही पारड्यांत सारखी पडतात. उपाय चांगला आहे. त्याला भरपूर नोंदी लागतात, आणि सह्याद्रीच्या बाबतीत त्या हळूहळू साठत आहेत.

इथवरच्या अडचणी तांत्रिक आहेत. मेहनत केली तर कमी होतात. पुढची तशी नाही, आणि मला या साऱ्या विषयाचा गाभा तिथे दिसतो. शिंदळ माकुडी कड्यावर का आहे? कडा तिला मानवतो म्हणून, की बाकी कुठे तिला राहू दिले गेले नाही म्हणून? तिचे खोड रसाळ आहे, काटा नाही. उतारावर शेळ्या-मेंढ्या चरतात, गवताला दरवर्षी वणवा लागतो, वहिवाटीची जमीन नांगरली जाते. उभ्या कातळावर शेळीचे तोंड पोचत नाही आणि आगीला जळायला गवत मिळत नाही. जे झाड कुंडीत, बागेच्या साध्या मातीत, पुण्या-कोल्हापूरच्या हवेत खुशाल वाढते, त्याला निसर्गात मात्र कड्याच्या कपारीवाचून चालत नाही, हे जरा विचित्रच नाही का? कड्यावरच्या झाडांना आपण तिथले रहिवासी समजतो. ती तिथे आसरा घेतलेली असू शकतात, असे मानायला जागा आहे. परळच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा गाळेकरी एकत्र राहताना पाहून कोकणातल्या माणसाला अशीच खोली आवडते, असे कोणी लिहून ठेवले तर आपण हसू. मॉडेल नेमके तेच लिहून ठेवते.

हा विचार माझा एकट्याचा नाही. जॉर्ज हचिन्सन यांनी १९५७ सालीच जातीला शक्य असलेला अधिवास आणि तिच्या वाट्याला प्रत्यक्ष आलेला अधिवास यांत भेद केला होता. युरोपातल्या गव्याच्या बाबतीत केर्ली आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली हाच मुद्दा धारदार केला. हा प्राणी जंगलाचा राजा म्हणून ओळखला जातो, जंगलातच त्याचे संवर्धन चालते. पण मोकळ्या कुरणांतून माणसाने हाकलल्यावर तो जंगलात शिरला असावा, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेत फ्लोरिडा टोरेया नावाचा सूचिपर्णी वृक्ष अपालाचिकोला नदीच्या काठच्या घळींपुरता उरला आहे आणि तिथे बुरशीच्या रोगाने जेरीस आला आहे. तोच वृक्ष कितीतरी उत्तरेला, नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलच्या बिल्टमोर बागेत वाढला. हिमयुगात दक्षिणेला सरकलेले ते झाड नंतर परत वर जाऊ शकले नाही, असे मानणाऱ्या हौशी मंडळींनी २००८ साली त्याची रोपे नॉर्थ कॅरोलायनात नेऊन लावली. सरकारी परवानगीची वाट न पाहता हे केल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. एका जागेचे झाड दुसरीकडे नेताना त्याचा रोगही सोबत जाऊ शकतो. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही.

दुर्मीळपणा आणि आसऱ्याच्या जागेलाच आवडती जागा समजण्याचा हा दोष बरोबरीनेच वाढतात. जात जितकी दुर्मीळ, तितक्या तिच्या उरलेल्या जागा चमत्कारिक, आणि तितके त्या जागांवरून काढलेले मॉडेल अरुंद. सर्वांत जास्त मदतीची गरज जिला, तिच्याविषयीच हे तंत्र सर्वांत कमी सांगते. वर या अरुंद चित्राला आपण भविष्याचे हवामान जोडतो, तेव्हा निकाल भयंकरच येतो. योग्य क्षेत्र एवढे टक्के घटणार, तेवढे टक्के नाहीसे होणार. घट खरी असेलही. पण त्यातली किती हवामानाची आणि किती आपल्याच नोंदींच्या अरुंदपणाची, हे त्या टक्क्यात दिसत नाही.

भविष्याच्या हवामानाविषयी थोडे. जागतिक हवामानाच्या मॉडेलांचे चौकोन साधारण शंभर किलोमीटरच्या घरातले असतात. त्यांत सह्याद्रीचा कणा, कोकण आणि देश एकाच चौकोनात येऊन चेपले जातात. ते आकडे एक किलोमीटरवर उतरवले की नकाशा देखणा होतो, माहिती मात्र तेवढीच राहते. तापमान वाढणार, यावर सगळ्यांचे एकमत आहे. उंचीबरोबर हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे दोन अंश वाढले तर तीच हवा शोधत झाडाला तीनेकशे मीटर वर चढावे लागेल. सज्जनगडाच्या माथ्याजवळच्या झाडाने वर कुठे जायचे? सबंध महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाईही १,६४६ मीटरवर संपते. पावसाविषयी मात्र मॉडेलांचे आपसांत पटत नाही, आणि सरासरी पाऊस हा या झाडांच्या दृष्टीने मोठा प्रश्न नसावाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. चार दिवसांत कोसळणारा पाऊस आणि मधली लांबलेली उघडीप वार्षिक बेरजेत दिसत नाही. जुन्नरला लागूनच आंबेगाव तालुक्यातले माळीण आहे. जुलै २०१४ मध्ये तिथला डोंगर गावावर आला. कड्यावरच्या बेचक्यातली माती धरून राहील की नाही, हे एकोणीस निर्देशांकांपैकी एकही सांगत नाही.

जागा ठरली, तरी पुढे लागवड उरते. सँड्रिन गोडफ्रॉइड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली जगभरातल्या २४९ जातींच्या पुनर्लागवडींचा आढावा घेतला. लावलेल्यांपैकी सरासरी ५२ टक्के रोपे जगली, १९ टक्के फुलली, १६ टक्क्यांना फळ धरले. वर्षे जातात तसे हे आकडे आणखी खाली येतात, आणि बहुतेक प्रकल्पांची पाहणी तीन-चार वर्षांत आटोपते. आपल्याकडेही रोपे लावल्याची छायाचित्रे मुबलक मिळतात. पाच पावसाळ्यांनंतरची मोजदाद शोधावी लागते. खोडाच्या तुकड्यांपासून केलेल्या रोपांत आणखी एक मेख आहे. एकाच झाडाचे शंभर तुकडे लावले तर शंभर झाडे दिसतात, वाण एकच असते. सज्जनगडावर रोपे लावताना ती सज्जनगडाची असावीत की शिवनेरीची, की दोन्हीकडची मिसळावीत, यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि या पुस्तकातही ते मिटलेले नाहीत.

किल्ल्यांचे आणखी एक. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात शिवनेरी आहे. पर्यटक वाढतील, तटाची डागडुजी होईल, आणि डागडुजीत पहिले काम असते भिंतीत उगवलेले झाडझाडोरे काढण्याचे. वड-पिंपळाची मुळे काढलीच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण माकुडी आणि पिंपळ यांतला फरक हातात कोयता असलेल्या माणसाला कोणीतरी दाखवायला हवा, तेही काम सुरू होण्याआधी. कुठल्याही मॉडेलमध्ये हा घटक नाही, आणि येत्या दहा वर्षांत तो तापमानाहून भारी पडू शकतो.

मग मॉडेल करूच नये का? जरूर करावे. बिननावाच्या कड्यांपैकी कोणते आधी पाहायचे, हे त्यावाचून ठरवता येणार नाही. उंची, उताराची दिशा, खडकाचा प्रकार जोडून, स्वच्छ नोंदींवरून, अनेक हवामानचित्रांवर तपासून केलेला नकाशा अंदाजपंचे लागवडीपेक्षा शतपटीने बरा. माझा आग्रह एवढाच, की रोपे हाती आल्यावर ती सगळी नकाशातल्या गडद चौकोनांत लावून टाकू नयेत. तिसरा हिस्सा तरी मॉडेलने नापसंत केलेल्या जागी लावावा: जुन्नरच्या डोंगरांच्या पायथ्याच्या उतारांवर, उत्तरेला आणि दक्षिणेलाही, निम्म्या वाफ्यांना शेळ्यांपासून कुंपण घालून आणि निम्मे उघडे ठेवून. कुंपणातली जगली आणि उघड्यावरची मेली, तर झाड कड्यावर का आहे याचे उत्तर मिळेल. कुंपणातलीही मेली, तर ‘लावले आणि इथे जगले नाही’ अशी तारीख-वार नोंद मॉडेलला प्रथमच मिळेल. शेकडो किलोमीटर दक्षिणेला निलगिरीच्या उंचीवर रोपे नेण्याची कल्पना अधूनमधून निघते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे स्थलांतर करण्यापूर्वी जोखमीचा काटेकोर हिशेब मांडावा लागतो. पायथ्याचे वाफे केल्याशिवाय तो हिशेब कशाच्या आधारावर मांडणार, हे मला कळलेले नाही.

असे वाफे बहुतेक वेळा वनखात्याच्या हद्दीत येतील, काही पुरातत्त्व खात्याच्या, आणि चराईवर मर्यादा घालायची तर गावाशी बोलावे लागेल. मॉडेल चालवायला एक संगणक आणि काही दिवस पुरतात. या परवानग्यांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून त्या कामाचे प्रकरण पुस्तकाच्या शेवटी असले, तरी प्रत्यक्ष काम करू पाहणाऱ्याने ते सर्वांत आधी वाचावे.